व्लास्ता कोझुबिकचे उन्हाळी टायर

व्लास्ता कोझुबिकने सगळी हयात बस चालवली आणि त्या सगळ्या हयातीत त्याला एकदाही जोरात जाता आलं नाही. आमच्या पोद्लेसी गावापासून वर डोंगरातल्या वाड्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता दोरीचा गुंता. त्यात दर वळणावर कुणीतरी म्हातारी हात करणार, तिच्या हातात अंड्यांची परडी असणार, आणि पायरी चढता चढताच ती त्याच्या पूर्ण नावाने बजावणार, "व्लास्तिमिल, हळू घे रे बाबा, मागल्या खेपेला फुटली." व्लास्ता हळू घ्यायचा. बस रिकामी असली तरी हळूच. सवय पायात मुरते.

पेन्शनीत निघाल्यावर त्याने गाडी घेतली. जुनीच, पण भारी. लांब डिकीची, घरच्यांची म्हणावी अशी. बटाट्याची पोती, नातींच्या सायकली, सगळं मावणारी. पण जरा वाकून चाकाच्या आत पाहिलं की लाल रंगाचे ब्रेक दिसायचे. टायर रुंद आणि इतके बुटके, की रिंगेवर कुणी नुसता पट्टा ताणून बसवलाय असं वाटावं. इंजिनात त्याच्या जुन्या बसपेक्षा जास्त घोडे होते.

"यार्मिलासाठी घेतली," तो सांगायचा. "तिला अळंबी गोळा करायला रानात जायला बरी."

यार्मिला त्याची बायको. तिला अळंबीला जायला सायकल पुरायची हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. लाकडाच्या गिरणीखाली रस्त्याचा एक सरळ पट्टा आहे. तिथे व्लास्ता आठवड्यातून एकदा गाडी मोकळी सोडायचा. पट्टा संपला की पुन्हा बसचा ड्रायव्हर.

माझं गॅरेज त्याच्यापासून दोन दारं सोडून. रेल्वेच्या रुळांच्या वरच्या अंगाला आमच्या गॅरेजांची ओळ आहे. लोखंडी दारं, आत एकेक गाडी आणि गाडीमागे एकेकाचा संसार. कुणाचा जुना सोफा, कुणाचा कोबीचा पिंप, कुणाचा रेडिओ. घरात बायकोला जे नको असतं ते तिथे येतं, त्यात आम्हीही आलो. तिथेच व्लास्ताशी माझं रोजचं उठणं-बसणं.

गेल्या सप्टेंबरात अळंबीच्याच दिवसांत घोळ झाला. दोघं रानातून परत येत होती. गावाच्या तोंडाशी जो गोल चौक आहे, तिथे व्लास्ताने गाडी सरळ त्या गोलाच्या दगडी कडेवर चढवली. फार काही नाही. एका टायरला फुगा आला, रिंग वाकली, यार्मिलाच्या मांडीवरची परडी उलटून गाडीभर अळंबी. ऊन डोळ्यांवर आलं, असं तो म्हणाला.  यार्मिलाने सीटखालची अळंबी वेचली, घरी नेली आणि वाळत घातली.

बाकीचे तीन टायरही गोटाच झाले होते. आमच्याकडे बर्फाच्या दिवसांत वेगळे, हिवाळी टायर लावावे लागतात. ते व्लास्ताने त्या वर्षी लवकरच चढवले आणि ठरवलं, वसंतात चारही उन्हाळी नवे घ्यायचे.

नाताळाला त्याचा मुलगा लिबोर ब्रनो शहराहून आला. सून रादका, दोन नाती. तळलेला मासा खाता खाता लिबोर म्हणाला, "बाबा, नवे उन्हाळी टायर तूच निवड. फार महागाचे नकोत, पण चांगले बघ. पैसे मी देतो."

दुसऱ्या दिवशी व्लास्ता गॅरेजात आला तो दोन इंच उंच होऊन.

"पोरानं इचारलं," तो मला म्हणाला. "ब्रनोत एवढं मोठं हापीस हाय त्याचं, पर टायरचं बापाला इचारलं."

"मग? तुला न्हाय इचारणार तर कुणाला?"

"तेच की!"

झालं. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या ओळीत दुसरा विषय नाही. मोटार क्लबच्या मासिकात दर वर्षी उन्हाळी टायरांची चाचणी छापून येते. कोरड्यात ब्रेक, ओल्यात ब्रेक, आवाज, झीज, सगळ्याला गुण. व्लास्ताने तो अंक इतका चाळला की पानं मऊ पडली. आमच्यात रुदा म्हणून एक आहे. पूर्वी पोस्टात होता. स्वस्ताईचा भक्त. तो चिनी टायर वापरतो.

"रबर ते रबर," रुदा म्हणाला. "गोल असलं की झालं."

"साबणबी गोल मिळतो," व्लास्ता म्हणाला. "चार घे आन् लाव गाडीला. पाऊस पडला की गाडीबी धुऊन निघंल आन् तूबी."

"मग घे की सगळ्यात महागाचे. पोरगा पैसे देतोय."

"म्हणून काय त्याचा खिसा कापू? आरं, त्या वरच्या टायरात निम्मं नावाचं घेत्यात. मला शर्यत लावायची न्हाय. आन् ह्या गाडीला लेचापेचाबी चालत न्हाय. वजनदार हाय, जोरकस हाय, मागं नाती बसणार. मधल्या भावातला पायजे, पर बाजूनं घट्ट. वळणावर रिंगेखाली दुमडला न्हाय पायजे."

"आन् आवाज?"

"आवाज थोडा चालंल. यार्मिला तशीबी बोलत असती."

त्याचं गणित पक्कं होतं. पहिलं ओल्यात ब्रेक. आमच्या डोंगरात उन्हाळा म्हणजे दुपारचा गडगडाट आणि रस्त्यावर लाल माती. दुसरं, भार पेलण्याचा आकडा. तिसरं झीज. मग किंमत. आपल्याच जिल्ह्यात बनणारा एक टायर त्याला मनापासून आवडत होता, पण तो ओल्यात जरासा मागे पडत होता. दोन दिवस तो उदास होता, सोयरीक मोडल्यासारखा. शेवटी एका कोरियन टायरावर त्याचं बोट थांबलं. हंगेरीत बनणारा, वरच्या नावांपेक्षा बराच स्वस्त, गुण जवळजवळ तितकेच. "ह्योच," तो म्हणाला. मासिक मिटलं आणि उठला. "चल ओल्डाकडं."

ओल्डा मिकेस्काचं टायरचं दुकान आमच्या ओळीच्या उतारावर, अगदी खाली. व्लास्ता आणि तो पलटणीत एकाच ट्रकवर होते. एक चालवायचा, दुसरा शेजारी बसून झोपा काढायचा. सगळ्या गावाचे बिनमोसमी टायर ओल्डाच्या कोठारात असतात. उन्हाळ्यात हिवाळी, हिवाळ्यात उन्हाळी. प्रत्येकावर खडूने नाव आणि कुठलं चाक ते: पुढचं डावं, मागचं उजवं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सगळं गाव एकदमच टायर बदलायला लोटतं, तेव्हा व्लास्ता दर वर्षी तिथे राबायला जायचा. फुकट. कोठारातून टायर काढायचे, खडू वाचायचा, हाका मारायच्या. ओल्डाची बायको ग्लासात गाळाची कडक कॉफी द्यायची आणि दोघं पलटणीतल्या त्याच त्याच गोष्टी नव्याने सांगायचे.

ओल्डाने व्लास्ताचं सगळं ऐकून घेतलं. नाव, माप, भाराचा आकडा.

"आन् बनल्याचा आठवडा बघ हां," व्लास्ता म्हणाला. "टायरवर आसतो छापल्याला. मागल्या सालचा, गोदामात सुकल्याला माल नगं मला."

"बगतो की."

"आन् चारही एकाच आठवड्यातले मिळाले तर लई ब्येस."

"आरं, लग्नाला पोरगी बघतोयस का टायर?"

"पोरगी बघताना एवढं कुटं बघितलं होतं!"

ओल्डा हसला. आता मला आठवतं, तो हसला पण पान्याशी खेळत राहिला, वर पाहिलं नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मार्च गेला. व्लास्ता दर दोन दिवसांनी उतारावरून खाली जायचा. "आलं का?" "न्हाय अजून." "का रं?" "गोदामात न्हाईत. येतील." एकदा ओल्डाने त्याला नक्षीचा प्रकार विचारला, एकदा हवा किती भरायची ते विचारलं. व्लास्ता खूश व्हायचा, घरी जाऊन पुन्हा मासिक काढायचा, उलट्या पावली सांगायला यायचा. त्या वर्षी ओल्डाने त्याला राबायला मात्र बोलावलं नाही. "गाडी उचलायचं नवं यंत्र आणलंया," म्हणाला, "आता माणूस लागत न्हाय." व्लास्ताला ते लागलं, पण त्याने चेष्टेवारी नेलं. "ह्या वर्षी मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कुणी राबवतं व्हय?"

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, ज्याला आम्ही हिरवा गुरुवार म्हणतो, निरोप आला, टायर आले. व्लास्ता गाडी घेऊन गेला. नेहमी तो चाकाशेजारीच उभा राहायचा, पण त्या दिवशी ओल्डाने त्याला आत पिटाळलं. "जा, कॉफी घे, पालकाची वडी खा, आज पालक खायचा दिवस हाय." तो बाहेर आला तोवर चारही चाकं जागेवर आणि नट आवळून झालेले. व्लास्ताने गाडीभोवती एक चक्कर मारली, ओल्डाचा हात हातात घेऊन हलवला आणि घरी आला. संध्याकाळी मला म्हणाला, "आवाज थोडा वेगळा येतोय. घुमल्यासारका. नवं हायेत, बसतील."

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, ओळीतले सगळेच गाड्या धुतात. पाण्याचा पाइप एकच, तो दारोदार फिरतो. व्लास्ता चाकांपाशी उकिडवा बसून टायर ब्रशने घासत होता. नव्या टायरला कोण घासतं? पण तो घासत होता. मग त्याचा ब्रश थांबला.  मग त्याने मला हाक मारली.

"हिकडं ये. जरा वाच तर."

"काय?"

"मला नीट दिसतंय का न्हाय ते बघायचंय. हितं काय काढलंय?"

मी वाकलो. टायरच्या बाजूवर, त्याच कोरियन कंपनीच्या अक्षरांच्या मध्ये, छोटासा ठसा होता. तीन शिखरांचा डोंगर आणि डोंगराच्या पोटात बर्फाची चांदणी.

आमच्याकडे हा ठसा शेंबड्या पोरालाही कळतो. ही चांदणी असेल तर नोव्हेंबरात पोलीस अडवत नाही. उन्हाळी टायरवर ती नसते. ती हिवाळी टायरवर असते, नाहीतर बारमाहीवर. बारमाही म्हणजे जो दोन्ही मोसमांत चालतो आणि, व्लास्ताच्या मते, कुठल्याच मोसमात चालत नाही. शहरातली माणसं घेतात, ज्यांना वर्षातून दोनदा टायर बदलायचा कंटाळा.

"चांदणी हाय," मी म्हणालो.

"म्हंजी डोळं ठीक हायेत," व्लास्ता म्हणाला, आणि एकदम हसत सुटला. "आयला, ओल्डानं कुणाचंतरी माझ्या गाडीला घातलं! म्हातारा झाला गडी! चल, चल, त्याची जिरवू. ह्यावर मी त्याला मरेपतोर सोडत न्हाय."

उतारावरून जाताना तो शिट्टी वाजवत होता. हे मी विसरत नाही. इतका आनंदात होता तो.

ओल्डा दुकान बंद करायच्या तयारीत, हात धूत होता.

"काय मिकेस्का साहेब," व्लास्ता दारातूनच ओरडला, "ब्रनोच्या बायकांचं टायर आमच्या गाडीला घालता व्हय? कुणाचं हायेत ते? त्या बिचारीला माझं उन्हाळी बसवून पाठवलंस न्हवं?"

ओल्डा वळला. त्याच्या तोंडावर हसू यायला हवं होतं, आलं नाही. पाणी तसंच वाहत राहिलं.

"न्हाय चुकलं," तो म्हणाला.

"आरं, चांदणी हाय त्याच्यावर."

"ठावं हाय."

"मग?"

"लिबोर म्हणाला बारमाहीच टाका. ब्रनोत टायर ठेवायला जागा न्हाय त्याच्याकडं, आन् दोनदा बदलायला येळबी..." आणि तिथे ओल्डाच्या लक्षात आलं. त्याने नळ बंद केला.

व्लास्ता अजून हसऱ्या चेहऱ्यानेच उभा होता. चेहऱ्याला बातमी पोचायची होती.

"ब्रनोत? माझी गाडी ब्रनोत कशाला जाती?"

ओल्डाने खुंटीवरचं फडकं काढलं.

"ओल्डा, माझी गाडी ब्रनोत कशाला जाती?"

"घरी इचार, व्लास्ता. मला नगं बोलायला लावू."

"तुला ठावं हाय आन् मी घरी इचारू?"

"सोमवारी नेणार हाय लिबोर. सणात सांगतील म्हणाले व्हते तुला. यार्मिला भ्याली, त्या चौकात. नाताळातच ठरलं त्यांचं."

व्लास्ता टायरांच्या चळतीवर बसला. मी बाहेर जावं की थांबावं हे मला कळेना.

"मग मी सांगितल्यालं?" त्याने विचारलं.

"मागवलंच न्हाईत."

"कधीच?"

"न्हाय."

"आन् नक्षी इचारलीस ती? हवेचा दाब? माझ्याकडनं दोनदा लिहून घेतलंस, ओल्डा. मी घरनं मासिक घेऊन आलो व्हतो."

"लिबोर म्हणाला, बाबाला निवडू दे, तेवढंच मन रमंल. गाडी सुटताना सोपं जाईल." ओल्डाने हात पुसले, पुसतच राहिला. "मला काय कमी वाईट वाटलं व्हय? पर त्यांच्या घरातलं व्हतं. मी कसा पडू मदी?"

"तू मदी पडलास की," व्लास्ता म्हणाला. "तू तर बरोब्बर मदी पडलास."

तो उठला आणि चालू लागला. वर चढताना एकदाच बोलला. मला विचारलं, "तुला?"

"न्हाय. शपथ."

त्याने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं ते असं, की बाजारात नाणं दाताखाली धरून बघावं.

मला वाटलं आता घरात भांडण होणार. झालं नाही. व्लास्ता घरी गेला, यार्मिलाने कोकराच्या साच्यातला केक भाजला होता, त्याला तो साखर भुरभुरायला लागला. दर वर्षी तोच भुरभुरतो. हे यार्मिलानेच नंतर मला सांगितलं. तिला वाटलं, थकलाय. त्याने दोनदा विचारलं म्हणे, "मला काही सांगायचंय का तुला?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "काय सांगायचं?"

रविवारी लिबोर, रादका आणि मुली आल्या. रेल्वेने. त्यांची स्वतःची गाडी आहे, पण "ती दुरुस्तीला टाकलीय" म्हणाले. व्लास्ता स्टेशनवर आणायला गेला तो पायी. सगळा रविवार गेला. व्लास्ता वाट पाहत होता. कुणीतरी एकाने तोंड उघडावं, एवढंच. कुणीही.

सोमवारी सकाळी आमच्याकडे पुरुष वेताची वेणी घेऊन दारोदार फिरतात. बायकांना हलकेच फटके मारायचे, त्यांनी रंगवलेलं अंडं द्यायचं आणि आलुबुखाराची दारू ओतायची. मी दर वर्षी कोझुबिकांकडे जातो. गेलो. यार्मिलाला, रादकाला वेणी लावली, गाणं म्हटलं, बसलो. टेबलावर केकचं कोकरू, डोकं मुलींनी आधीच खाल्लेलं. लिबोर दारू घेत नव्हता. आमच्याकडे थेंबभर घेऊनही गाडी चालवता येत नाही. व्लास्ताने त्याच्यापुढचा भरलेला पेला पाहिला.

"सणाला घेत न्हाईस?"

"पोट जरा बिघडलंय, बाबा."

व्लास्ताने स्वतःचा पेला रिकामा केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "लिबोर, टायर बघितलंस का?"

"बघितले ना! एकदम मस्त. तुझी निवड म्हणजे काय बोलायचं."

"कुठलं हायेत रं?"

लिबोरने एकदा आईकडे पाहिलं. "तू सांगितलेलेच. ते... कोरियन."

"उन्हाळी."

"हो. उन्हाळीच की."

मी खुर्ची मागे सरकवायला लागलो. व्लास्ताने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस. तू हाईस ते बरं हाय. न्हायतर उद्या म्हणतील, म्हाताऱ्याला भास झाला."

यार्मिलाच्या हातातली अंड्यांची परडी टेबलावर आली. "व्लास्ता..."

"त्यावर बर्फाची चांदणी हाय," तो लिबोरला म्हणाला. "शनिवारी धुताना बघितली. ओल्डानं सगळं सांगितलं. मी कालपास्नं तुमच्या तोंडाकडं बघतोय. म्हटलं, आता सांगतील. आता जेवल्यावर. आता पोरी झोपल्यावर."

"बाबा, तुझ्या भल्यासाठीच केलं."

"भलं चोरून करत्यात व्हय रं, ब्रनोला?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" लिबोरचा आवाज चढला. "त्या चौकात आई मेली असती!"

"ती गोलाची कड हाय, दरी न्हाय."

"मी भ्याले व्हते," यार्मिला म्हणाली. हळू बोलली, पण सगळे थांबले. "त्या दिवसापासनं मी तुझ्या शेजारी डोळं मिटून बसते, व्लास्ता. गिरणीच्या खाली तू सोडतोस ना, तवा मी प्रार्थना म्हणते. तुला दिसलं न्हाय ते ऊन न्हवतं. ढग व्हते त्या दिवशी."

व्लास्ता तिच्याकडे बघत राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही.

"ढग व्हते," तो म्हणाला. "मग त्याच दिवशी का न्हाय वरडलीस माझ्यावर? आयुष्यभर वरडत आलीस. चपला दारात का काढल्या, चमचा कुठं टाकला. आन् ह्यावर अळंबी वाळत घातलीस?"

"तुला लागलं असतं."

"लागलं असतं. रात्रभर जेवलो नसतो. आन् सकाळी चावी तुझ्या एप्रनच्या खिशात टाकली असती. यार्मिला, मी माणसं वाहिली हायेत. कुणी मला म्हणालं असतं की तू आता धड न्हाईस, तर मी त्या दिवशी खाली उतरलो असतो. पर तू पोराला म्हणालीस, पोरगा ओल्डाला म्हणाला, आन् मला काय दिलंत? मासिक."

रादका मुलींना घेऊन आतल्या खोलीत गेली.  बाहेर गल्लीत दुसरी टोळी गाणं म्हणत चालली होती.

थोड्या वेळाने लिबोर म्हणाला, "मग आता काय करायचं?"

"दुपारची गाडी कितीला हाय?"

"कुठली गाडी?"

"रेल्वे. आलात कशानं? रेल्वेनं. मग जाल कशानं?"

लिबोरला वाटलं बाबा चिडून बोलतोय, जेवणापर्यंत निवळेल. निवळला नाही. दुपारी व्लास्ताने टोपी घातली, सगळ्यात जड बॅग स्वतः उचलली आणि नातीचा हात धरून निघाला. मागे लिबोर, रादका, शेवटी यार्मिला, हातात उरलेला केक रुमालात बांधून. अख्खं गाव सणाला रस्त्यावर. आमच्या ओळीवरून त्यांची ती वरात गेली. रुदा दारात उभा राहून बघत होता. फलाटावर व्लास्ताने नातींचे मुके घेतले, सुनेला हात दिला. लिबोरलाही दिला. 

मंगळवारी तो गॅरेजात आला आणि जॅक लावला. चारही चाकं त्याने एकट्याने उतरवली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू दे." मग एकेक चाक उभं करून उतारावरून चालवत नेलं आणि ओल्डाच्या फाटकाला टेकवून ठेवलं. चार खेपा. ओल्डा आत होता, खिडकीत दिसत होता. तो बाहेर आला नाही आणि व्लास्ताने बेल वाजवली नाही.

आठवड्याने झ्लिन शहराहून एक टेंपो आला. त्यात चार रिंगा आणि त्यावर तेच कोरियन, हंगेरीतले, ह्या वर्षीचे. पैसे व्लास्ताने स्वतःचे घातले. चारही एकाच आठवड्यातले नव्हते. दोन त्यातले, दोन पुढच्यातले. त्याने ते मला बोट ठेवून दाखवलं, थोड्या नाराजीने. चाकं बसवली. मग गावातल्या किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: गाडी विकणे आहे.

गाडी घेतली शेजारच्या गावातल्या एका नर्सने. नाव श्टेपांका, तीन मुलं, दवाखान्यात रात्रपाळी. तिने चालवून पाहिली, व्लास्ता शेजारी बसला. ईस्टरच्या त्या शनिवारपासून तो स्टेअरिंगला शिवलाच नव्हता. परत आल्यावर त्याने तिला पाऊण तास टायर समजावला. नवे आहेत, पहिले काही दिवस जपून ब्रेक मारायचा. हवा एवढी. मुलं मागे असली तर थोडी जास्त. ती बाई मन लावून ऐकत होती. एकदा तिने विचारलं, "बाकी काही दोष आहे का गाडीत? खरं सांगा, आजोबा."

"एकदा गोलावर चढवलीया मी," व्लास्ता म्हणाला. "पुढची डावी बाजू. रिंग बदलली. पर तू तपासून घे. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नगंस, माझ्याबी."

ती गाडी घेऊन गेल्यावर मी त्याला विचारलं, "विकायचीच व्हती तर नवे टायर कशाला घालायचं? तिनं बारमाहीवरबी घेतली असती."

"निवडले व्हते न्हवं मी," तो म्हणाला.

लिबोरचा फोन यायचा. व्लास्ता तो उचलायचा आणि यार्मिलाकडे द्यायचा, "तुझा हाय." ओल्डा एकदा बाटली घेऊन आला. व्लास्ताने त्याला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला, आणि रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत दोघंही तसेच. मग ओल्डा बाटली ठेवून गेला. ती अजून तिथेच आहे, बूच न काढलेली.

रिकामं गॅरेज भाड्याने दे म्हणून रुदा मागे लागलाय. व्लास्ता देत नाही. दुपारी येतो, दार उघडतो, गाडी उभी असायची त्या तेलकट डागांच्या बाजूला खुर्ची टाकून बसतो. परवा मी माझ्या दारात बॅटरीचं पाणी बघत होतो, तेव्हा यार्मिला त्याला जेवायला बोलवायला आली. उंबऱ्यावरच उभी राहिली. आत यावं की नाही, अशी.

"चल, गार व्हतंय," ती म्हणाली.

तो उठला नाही. "एक इचारू?"

"इचार की."

"अजून काय हाय, यार्मिला? मला सोडून सगळ्यांना ठावं आसल्यालं?"

"काही न्हाय रे."

"नक्की?"

"काही न्हाय. देवाशपथ."

व्लास्ता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती खरंच सांगत होती. मला तरी तसं वाटलं. पण त्याला ते ओळखता येत नव्हतं. दोन दारांवरूनही मला दिसत होतं. बराच वेळ तो तिचा चेहरा वाचत राहिला, आणि ती उंबऱ्यावर उभी राहून वाचू देत राहिली.